बाळंतिणीच्या वाट्याचं पाणी

महाराष्ट्रात आज शंभरातली जवळपास ९५ बाळंतपणं दवाखान्यात होतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २००५-०६च्या फेरीत हे प्रमाण ६४.६ टक्के होतं, २०१५-१६मध्ये ते ९०.३ झालं आणि २०१९-२१च्या फेरीत ९४.७ वर पोचलं. माता मृत्यूही कमी झाले. २०१८-२० या काळात राज्यात लाख जिवंत जन्मांमागे ३३ माता दगावत होत्या. देशाची सरासरी ९७ होती आणि आपल्या पुढे फक्त केरळ होतं. यामागे २००५ची जननी सुरक्षा योजना आहे, २०११चा जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम आहे, रुग्णवाहिका आहेत. पण सगळ्यात मोठा वाटा असेल तर तो रात्री-अपरात्री बाईसोबत गाडीत बसून केंद्र गाठणाऱ्या आशाताईंचा. हे यश आधी नोंदवायला हवं, कारण पुढे जे लिहायचं आहे ते याच यशाच्या आत राहून गेलेल्या एका उणिवेबद्दल आहे.

बाळंतपण आरोग्यसंस्थेत झालं की त्याची ‘संस्थात्मक प्रसूती’ अशी नोंद होते. त्या वेळी लेबर रूमच्या नळाला पाणी होतं का, सिस्टरांनी हात कशाने धुतले, दुसऱ्या दिवशी सकाळी बाळंतीण शौचाला कुठे गेली, हे त्या आकड्यात येत नाही. घरच्या बाळंतपणाने असंख्य बायकांचे जीव घेतले आणि तिकडे परत जायचं कुणाच्याच मनात नाही. पण घरी कळा सुरू झाल्या की आधी चुलीवर पाण्याचा हंडा चढायचा. न्हाणी होती, शेगडी होती, कापडं धुवायला घरच्या बाया होत्या. पाणी थोडं असलं तरी ते कुणी आणायचं हे ठरलेलं असे. आपण त्या बाईला सांगितलं की केंद्रात ये, तिथे तुझा आणि बाळाचा जीव सुरक्षित राहील. ती आली. आता पाण्याची जबाबदारी केंद्राची झाली, आणि केंद्रात ती नेमकी कुणाची हे मात्र इतक्या वर्षांत नीट ठरलेलं नाही.

एका बाळंतपणाला पाणी किती लागतं? जागतिक आरोग्य संघटनेच्या २००८च्या मानकांत प्रसूतिकक्षासाठी दर प्रसूतीमागे १०० लिटर आणि दाखल रुग्णामागे दिवसाला ४० ते ६० लिटर पाणी सांगितलं आहे. शंभरपेक्षा कमी खाटांच्या रुग्णालयासाठी भारतीय मानक खाटेमागे दिवसाला ३४० लिटर धरतं. प्राथमिक आरोग्य केंद्र साधारण सहा खाटांचं असतं, म्हणजे २,०४० लिटर झाले. गच्चीवर हजार लिटरची एकच काळी टाकी असेल आणि मोटर दिवसातून एकदाच लागत असेल, तर निम्म्या गरजेलाही ते पाणी पुरत नाही.

शंभर लिटर ऐकायला फार वाटतात. पण रात्री दोन वाजता लेबर रूममध्ये काय काय होतं ते क्रमाने पाहिलं की हिशेब पटतो. बाई टेबलावर येण्याआधी सिस्टरांनी कोपरापर्यंत हात धुवायचे. तपासणी झाली, मोजे काढले की पुन्हा धुवायचे. बाईची जागा धुऊन घ्यायची. बाळ येतं, नाळ कापली जाते, वार पडते. बाईखाली अंथरलेल्या रबरी केलीज पॅडवर रक्त असतं, गर्भजल असतं, बहुतेकदा मळही असतो. पॅड आधी क्लोरीनच्या द्रावणात, मग साबणाने, मग साध्या पाण्याने धुवायचं. कात्र्या, चिमटे आणि ट्रे अर्ध्या टक्क्याच्या द्रावणात दहा मिनिटं बुडवायचे, घासायचे, धुवायचे आणि मग ऑटोक्लेव्हच्या ड्रममध्ये भरायचे. हे द्रावण म्हणजे लिटरभर पाण्यात तीन सपाट चमचे, सुमारे १५ ग्रॅम, ब्लीचिंग पावडर. त्यात रक्त मिसळलं की त्याचा जोर झपाट्याने उतरतो, म्हणून ते पुन्हा पुन्हा ताजं करावं लागतं. टेबल पुसायचं, फरशी पुसायची, पोछा धुवायचा. बाळाला पहिल्या दिवशी आंघोळ घालायची नसते, तेवढं पाणी वाचतं. आईला मात्र अंग पुसायला, कापड बदलायला, लघवीला जायला पाणी हवंच असतं. आणि बाहेर बाकावर दुसरी बाई कळा देत बसलेली असेल, तर हे सगळं पहिल्यापासून पुन्हा.

नळ नसेल तर हे सारं पाणी बादलीतून मगाने घ्यावं लागतं. स्वतःच्या दोन्ही हातांवर कुणाला मगाने पाणी ओतता येत नाही, ते ओतायला दुसरं माणूस लागतं, आणि रात्रपाळीला सिस्टर पुष्कळदा एकट्याच असतात. मग हात धुण्याऐवजी मोज्यावर मोजा चढतो. तपासणी अहवालात याची नोंद ‘हात धुण्याबाबत उदासीनता’ अशी होते आणि उपाय म्हणून प्रशिक्षण सुचवलं जातं. हात कसे धुवायचे हे त्या सिस्टरांना शिकवावं लागत नाही. त्यांना कोपराने उघडणारा नळ द्यावा लागतो आणि त्या नळाला रात्री दोन वाजता पाणी असावं लागतं.

संसर्ग हे बाळंतपणातलं जुनं मरण आहे. नमुना नोंदणी योजनेच्या २००१-०३च्या पाहणीत देशातल्या माता मृत्यूंपैकी ११ टक्के मृत्यू संसर्गाने झाले होते. रक्तस्राव ३८ टक्क्यांसह पहिल्या क्रमांकावर होता. स्वच्छतेने काय साधतं याचं आपल्याच देशातलं उदाहरण धनुर्वाताचं. एके काळी नाळ विळ्याने किंवा हाताशी येईल त्याने कापली जायची आणि आठवड्याभरात बाळ आकडी येऊन जायचं. लसीच्या जोडीला सुईणींना पाच स्वच्छता शिकवल्या गेल्या: हात, जागा, ब्लेड, दोरा आणि नाळ. २०१५ साली माता आणि नवजात बालकांचा धनुर्वात भारतातून हटल्याचं प्रमाणित झालं. नेपाळच्या सर्लाही जिल्ह्यात सुमारे २३ हजार नवजात बालकांच्या नोंदींवरून झालेला आणि २००८ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की, बाळंतपण करणाऱ्या बाईने हात धुतले होते तिथे नवजात मृत्यूचा धोका १९ टक्क्यांनी कमी होता. बाळाला घेण्याआधी आईने हात धुतले होते तिथे तो ४४ टक्क्यांनी कमी होता.

केंद्रातल्या संसर्गाला आणखी एक बाजू आहे. दिल्लीतल्या तीन मोठ्या रुग्णालयांत झालेल्या आणि २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अतिदक्षता विभागात दाखल झालेल्या नवजात बालकांपैकी १४ टक्क्यांना सेप्सिस झाल्याचं आढळलं. त्यातल्या जवळपास दोन तृतीयांश बाळांना तो जन्मानंतरच्या पहिल्या ७२ तासांतच झाला होता. जंतूही ॲसिनेटोबॅक्टर, क्लेबसिएला असे, नेहमीच्या प्रतिजैविकांना दाद न देणारे. ती मोठी रुग्णालयं होती, खेड्यातली केंद्रं नव्हेत. पण प्रतिजैविकं निकामी होत चाललेल्या काळात संसर्ग होऊ न देणं हाच हातात उरलेला भरवशाचा उपाय आहे. संसर्ग झाल्यावर गावातून जिल्ह्याला आणि जिल्ह्यातून नागपूर-मुंबईला धावण्याची ऐपत किती घरांत असते, हे आपण सगळे जाणतो.

शिवाय मृत्यूच्या आकड्यांत कधीच न येणारं दुखणं आहे. गडचिरोलीतल्या दोन गावांत डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी ६५० बायकांची तपासणी केली होती. १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ९२ टक्के बायकांना कोणता ना कोणता स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार निघाला. त्याची कारणं अनेक आहेत. बाळंतपणात शिरलेला आणि अंगावर काढलेला संसर्ग हे त्यांतलं एक. ओटीपोट दुखतं, अंगावरून पांढरं जातं, कंबर मोडून येते, आणि बाई शेतात जात राहते.

पाणी असणं आणि ते शुद्ध असणं या वेगळ्या गोष्टी आहेत. महाराष्ट्रात पिण्याच्या पाण्याच्या स्रोतांचं वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर, स्वच्छता सर्वेक्षण होतं आणि ग्रामपंचायतींना लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड मिळतं. सलग पाच वर्षं साथ आली नाही तर चंदेरी कार्ड. ही आपल्या राज्याची चांगली पद्धत आहे, गावाला ती समजते आणि लाल कार्डाची लाजही वाटते. आरोग्य सेवक गावात ओटी चाचणी करतो, पाणी पिवळं झालं की क्लोरीन पोचलं असं धरलं जातं. ज्या केंद्राच्या देखरेखीखाली हे चालतं, त्या केंद्राच्या स्वतःच्या टाकीची ओटी रोज होते का? तिची नोंद कोणत्या वहीत राहते? टाकी शेवटची कधी धुतली त्याची तारीख टाकीवर रंगवलेली आहे का? अशी नोंद काही केंद्रांत नेटकी ठेवलेली असते. इतर ठिकाणी विचारलं की ‘गावाच्याच लाइनचं पाणी आहे’ असं उत्तर येतं. गावाच्या लाइनचं पाणी गच्चीवरच्या टाकीत दोन दिवस राहिलं की त्यात क्लोरीन उरत नाही. टीसीएलचं, म्हणजे ब्लीचिंग पावडरीचंही तसंच. ताज्या पावडरीत सुमारे ३३ टक्के क्लोरीन असतो. ओल लागलेल्या, तोंड उघड्या पिशवीतला क्लोरीन उडून जातो आणि नुसती चुन्यासारखी भुकटी राहते. तिने केलेलं द्रावण वासापुरतं असतं. त्यात बुडवलेली कात्री शुद्ध झाली असं सिस्टर समजतात, आणि त्यांची चूक नसते.

आता जबाबदारीकडे येऊ. उपकेंद्र आणि प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेचं. ग्रामीण रुग्णालय राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाचं. इमारत बांधली बांधकाम विभागाने. पाणी ग्रामपंचायतीच्या योजनेचं, नाहीतर केंद्राच्या आवारातल्या बोअरचं. वीज महावितरणची. बिल थकलं की ग्रामपंचायतीच्या पाणीयोजनेचीच वीज तोडली जाते आणि तिच्याबरोबर केंद्राचा नळही कोरडा पडतो. मोटर जळली तर ती बांधायला न्यायची कुणी आणि पैसे कुणी द्यायचे, यात आठवडा जातो. त्या आठवड्यात बाळंतपणं थांबत नाहीत. वैद्यकीय अधिकाऱ्याने खिशातून पैसे घातल्याचे, सिस्टरांनी शेजारच्या शेतकऱ्याच्या विहिरीवरून पाइप ओढल्याचे प्रसंग आरोग्य विभागात काम करणाऱ्या कुणालाही विचारा, ते सांगतील. त्या माणसांबद्दल मनात आदरच आहे. पण कुणाच्या चांगुलपणावर राज्यातले प्रसूतिकक्ष चालवता येत नाहीत.

उन्हाळ्यात हे सगळं आणखी बिकट होतं. मराठवाड्यात, विदर्भाच्या काही भागांत, नगर-सोलापूरच्या पट्ट्यात मार्चपासून बोअर आटतात आणि टँकर सुरू होतात. एप्रिल २०१६मध्ये लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं, ते सगळ्यांना आठवत असेल. टँकरचं नियोजन गावच्या लोकसंख्येवर होतं. आरोग्य केंद्राला स्वतःची लोकसंख्या नसते. ३० हजार लोकांसाठी उभं असलेलं केंद्र ज्या गावात आहे त्या गावची वस्ती दोन-तीन हजारांची असू शकते, आणि पंचक्रोशीतून येणाऱ्या बाळंतिणींचं पाणी त्या गावच्या टँकरच्या हिशेबात धरलेलं नसतं. टंचाई आराखडा करताना केंद्राची मागणी वेगळी नोंदवणं हे तहसील पातळीवर एका ओळीचं काम आहे. सातपुड्यात आणि मेळघाटात अडचण उलटी. पावसाळ्यात पाणी मुबलक असतं पण गढूळ, आणि क्लोरीन टाकलं तरी गढूळ पाण्यात ते नीट काम करत नाही.

मला या साऱ्या विषयात सर्वांत जास्त अस्वस्थ करते ती शौचालयाची गोष्ट. त्याबद्दल कुणी बोलत नाही, कारण ज्यांना त्रास होतो त्या बायकांना ते सांगायला संकोच वाटतो आणि ज्यांनी विचारायचं ते बहुतेक पुरुष असतात. पहिलटकरीण आहे. टाके पडले आहेत. रक्तस्राव चालू आहे. चक्कर येते आहे. वॉर्डाला लागून संडास आहे, भारतीय पद्धतीचा. तिला उकिडवं बसायचं आहे आणि टाक्यांवर ताण येतो. भिंतीला धरायला आडवी दांडी नाही. दाराची कडी तुटलेली, म्हणून सासू दार धरून बाहेर उभी. आत दिवा नाही. नळ आहे, पाणी नाही, म्हणून नवऱ्याने बाटलीत पाणी भरून आणलं आहे. रक्ताने भिजलेलं कापड टाकायला झाकणाची बादली नाही, ती ते पदराखाली लपवून बाहेर आणते. एवढं झाल्यावर ती दुसऱ्या वेळी जायचंच टाळते. पाणी पिणं कमी करते, लघवी कोंडून धरते. त्यातून मूत्रमार्गाचा संसर्ग होतो, दूध कमी येतं, आणि ती नवऱ्याला म्हणते, घरी चला.

प्रसूतीनंतर ४८ तास केंद्रात राहावं असं शासनाचं धोरण आहे. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात साध्या बाळंतपणासाठी तीन दिवसांचं आणि शस्त्रक्रियेसाठी सात दिवसांचं मोफत जेवण आहे. हे तास मोलाचे आहेत, कारण आई आणि बाळ दोघांनाही सर्वाधिक धोका याच काळात असतो. बाई सहा-आठ तासांत निघून गेली तर उशिराचा रक्तस्राव, ताप, बाळाचं थंड पडणं घरी होतं आणि कुणाच्या लक्षात येत नाही. लवकर घरी जाण्यामागे घरचं लहान मूल, गुरंढोरं, मजुरी ही कारणं असतात हे खरंच. पण वापरता येईल असा संडास आणि अंग धुवायला गरम पाणी असेल तर बायका थांबतात. आदिवासी भागातल्या ‘माहेरघर’ योजनेत तर गरोदर बाई दिवस भरण्याआधीच एका नातेवाइकासह, कधी लहान मुलासह केंद्रात येऊन राहते. दूरच्या पाड्यांसाठी ही फार शहाणपणाची योजना आहे. पण तिला माहेर म्हणायचं तर न्हाणी आणि संडास धड हवेत. माहेरी लेकीला परसाकडे पाठवत नाहीत.

जैववैद्यकीय कचऱ्याबद्दल थोडक्यात. २०१६च्या नियमांनुसार वार पिवळ्या पिशवीत जाते. सामायिक प्रक्रिया केंद्राची गाडी पोचत नाही अशा दुर्गम भागातच ती खोल खड्ड्यात पुरायला परवानगी आहे. खड्ड्याच्या तळापासून भूजल किमान सहा मीटर खाली असावं अशी अट आहे. पावसाळ्यात जिथे विहिरी काठोकाठ भरतात त्या कोकणात ही अट पाळणं अवघड आहे, आणि खड्डा व केंद्राचं बोअर एकाच आवारात असतात. जागा आखणाऱ्या अभियंत्याने आणि वैद्यकीय अधिकाऱ्याने एकत्र बसून हे ठरवायला हवं. इमारतीचा नकाशा मंजूर होताना तसं सहसा होत नाही.

साफसफाई करणाऱ्या माणसाचं महत्त्व या सगळ्यात किती आहे हे एका पाहणीने नेमकं दाखवलं. गुजरात आणि बांगलादेशातल्या प्रसूतिकक्षांत काही वर्षांपूर्वी पृष्ठभागांचे नमुने घेऊन ते तपासले गेले. डोळ्यांना कक्ष बऱ्यापैकी स्वच्छ दिसत होते, तरीही नमुन्यांत संसर्ग करू शकतील असे जंतू मिळाले. सफाई करणाऱ्यांना नीट शिकवलेलं नव्हतं आणि संस्थेत त्यांना कुणी मोजत नव्हतं, हेही त्याच पाहणीत पुढे आलं. आपल्या उपकेंद्रात हे काम अर्धवेळ स्त्री परिचर करते, तेही तुटपुंज्या मानधनावर. बाळंतपण मात्र पूर्णवेळ येतं, बहुधा रात्रीच. केंद्रातला सफाई कामगार कंत्राटी असतो, त्याचं बिल महिनोन् महिने अडकतं. कोणता पोछा लेबर रूमचा आणि कोणता संडासाचा, द्रावण किती वेळाने बदलायचं, आधी टेबल पुसायचं की फरशी, हे कौशल्याचं काम आहे. ते करणाऱ्या बाईला प्रशिक्षण, हातमोजे, गमबूट आणि वेळेवर पूर्ण पगार मिळाला पाहिजे. माझ्या मते स्वच्छ प्रसूतिकक्षासाठी याहून फलदायी खर्च दुसरा नाही.

सरकारने काही केलं नाही असं मुळीच नाही. मे २०१५मध्ये ‘कायाकल्प’ सुरू झालं. ७० टक्क्यांवर गुण मिळवणाऱ्या संस्थांना पुरस्कार, जिल्ह्यातल्या पहिल्या प्राथमिक आरोग्य केंद्राला दोन लाख रुपये. या योजनेने सफाईला गुणपत्रिका दिली. अनेक केंद्रांची कळा तिने खरोखर बदलली, भिंती रंगल्या, बागा झाल्या, कचऱ्याचे रंगीत डबे आले. २०१६ अखेर ‘स्वच्छ स्वस्थ सर्वत्र’ने आरोग्य आणि पाणी-स्वच्छता ही दोन खाती एकत्र आणली. डिसेंबर २०१७मध्ये ‘लक्ष्य’ कार्यक्रम थेट लेबर रूमच्या दर्जासाठी आला, पण त्याचा भर वैद्यकीय महाविद्यालयं, जिल्हा रुग्णालयं आणि मोठ्या ग्रामीण रुग्णालयांवर राहिला. आडगावचं उपकेंद्र त्याच्या कक्षेबाहेरच. राज्यात चांगल्या आरोग्य केंद्रांना डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या नावाने पुरस्कार दिला जातो, तो योग्यच आहे. चौदाव्या वर्षी झालेलं त्यांचं मूल दहा दिवसांत गेलं होतं, आणि १८८६ साली फिलाडेल्फियात वैद्यकीची पदवी घेताना त्यांनी प्रबंधासाठी प्रसूतिशास्त्राचाच विषय निवडला होता.

या पुरस्कार-पद्धतीची मर्यादा अशी की तपासणीचं पथक ठरलेल्या दिवशी येतं. त्या दिवशी टाकी भरलेली असते, साबण नवा असतो, पोछे नवे असतात. बाळंतपणाचा दिवस असा ठरवून येत नाही. वर्षातून एकदा मिळणाऱ्या गुणांपेक्षा महिन्यातले किती दिवस लेबर रूममध्ये चोवीस तास पाणी होतं, ही एक नोंद मला जास्त उपयोगी वाटते. औषधसाठ्याची वही आपण रोज लिहितो. रक्तस्राव रोखणारं ऑक्सिटोसिन संपलं तर वरिष्ठांना फोन जातो, जायलाच हवा. पाणी संपलं तर फोन जात नाही, कारण ते औषधांच्या यादीत नाही. माझं मुख्य म्हणणं हेच आहे: प्रसूतिकक्षातलं पाणी ही सोय समजली जाते, ते उपचार समजलं गेलं पाहिजे, आणि ऑक्सिटोसिनसारखाच त्याचा साठा, त्याची नोंद, त्याचा जबाबदार माणूस ठरला पाहिजे.

जगाचं चित्रही फारसं वेगळं नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या २०२२च्या अहवालानुसार जगातल्या निम्म्या आरोग्यसंस्थांत रुग्ण तपासायच्या जागी आणि शौचालयात हात धुण्याची मूलभूत सोय नव्हती. २०१९ साली जागतिक आरोग्य सभेने या प्रश्नावर ठराव केला, त्याआधीच केंद्रांनी स्वतःच स्वतःच्या उणिवा शोधून लहान-लहान सुधारणा करत जाण्याची एक कार्यपद्धतीही या दोन संस्थांनी तयार केली होती. ती आपल्याकडे जिल्हा पातळीवर सहज राबवता येईल.

नुसतं पाणी आलं की मृत्यू थांबतील, असा दावा मात्र कुणी करू नये. उत्तर प्रदेशात १२० केंद्रांत, दीड लाखांहून अधिक बाळंतपणांवर सुरक्षित प्रसूतीच्या तपासणी-यादीचा मोठा प्रयोग झाला. निम्म्या केंद्रांत यादी आणि ती वापरायला शिकवणारे मार्गदर्शक दिले होते. त्यामागची संस्था डॉ. अतुल गावंडे यांची, ज्यांचं मूळ घर विदर्भातल्या उटी गावचं. डिसेंबर २०१७मध्ये निकाल आले. हात धुण्यासकट कामाची पद्धत सुधारली होती, पण माता आणि बाळांच्या मृत्यूंत फरक दिसला नाही. शिवाय मार्गदर्शक दूर झाले की सुधारलेली पद्धतही काही अंशी मागे सरकली. यादी कागदावर असते. अडलेल्या बाईला वेळेत पुढे पाठवणं, रक्त मिळणं, सिस्टरांच्या हाताला सराव असणं हे सगळं जोडीला लागतं.

दुसरा आक्षेप जास्त मोहात पाडणारा आहे: पाण्याऐवजी औषधच का देऊ नये? २०२३ साली सात देशांतल्या २९ हजारांहून अधिक बायकांवरच्या अभ्यासाचे निकाल प्रसिद्ध झाले. त्यात आपल्या नागपूरचा परिसर आणि शेजारचं बेळगावही होतं. कळा सुरू असताना ॲझिथ्रोमायसिनची दोन ग्रॅमची एकच मात्रा दिली तर आईला सेप्सिस होण्याचा किंवा त्यात मरण येण्याचा धोका एक तृतीयांशाने कमी झाला. ही मोठी गोष्ट आहे. पण नवजात मृत्यूंत फरक पडला नाही. स्वस्त गोळी हाती आल्यावर नळाची आणि संडासाची घाई कमी होईल, ही भीती मला खरी वाटते. जंतूंना या औषधाची सवय झाली की तो उपायही जाईल. गोळी जिथे लागेल तिथे द्यावी, पण ती पाण्याच्या जागी देऊ नये.

खर्चाचं काय? राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाच्या सुरुवातीपासून उपकेंद्राला दहा हजार आणि प्राथमिक आरोग्य केंद्राला २५ हजार अबंधित निधी, शिवाय वार्षिक देखभालीची रक्कम मिळत आली. रुग्ण कल्याण समितीकडे पैसा असतो. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१-२६ साठी ग्रामीण स्थानिक संस्थांच्या अनुदानातला ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेसाठीच बांधून दिला, आणि स्थानिक संस्थांमार्फत आरोग्यासाठी देशभर ७० हजार कोटींहून अधिक रक्कम वेगळी ठेवली. जल जीवन मिशनच्या उद्दिष्टांत शाळा-अंगणवाड्यांबरोबर आरोग्य केंद्रांची नळजोडणीही आहे. म्हणजे पैसा अजिबात नाही असं म्हणता येत नाही. तो बांधण्यावर जातो आणि चालवण्यावर जात नाही. नवी टाकी उभी राहते, तिच्या उद्घाटनाची पाटी लागते, आणि तीन वर्षांनी तिचा व्हॉल्व्ह गळतो तेव्हा बदलायला पाचशे रुपये सापडत नाहीत.

करण्यासारखी कामं अवाढव्य नाहीत. लेबर रूमसाठी वेगळी टाकी उंचावर ठेवायची, तिचं पाणी ओपीडीला किंवा क्वार्टर्सना जोडायचं नाही, म्हणजे वीज गेली तरी एक-दोन बाळंतपणांचं पाणी शिल्लक राहतं. टेबलापासून दोन पावलांवर कोपराचा नळ बसवायचा. नळ बंद पडेल तेव्हासाठी तोटीची झाकणाची बादली स्टँडवर भरून ठेवायची. मोटर सौर पंपावर न्यायची. पावसाळा लांब असेल तिथे छताचं पाणी साठवायचं. एका संडासात कमोड, भिंतीला दांडी, दाराला आतून कडी, आत दिवा, झाकणाची बादली. गरम पाण्यासाठी सौर बंब. टाकी धुतल्याची तारीख टाकीवर रंगवायची. या साऱ्यावर एका कर्मचाऱ्याचं नाव आणि दर महिन्याची ठरावीक रक्कम.

ग्रामसभा वर्षातून निदान चार वेळा होते, आणि १ मेची तर ऐन टंचाईत येते. तुमच्या गावात उपकेंद्र किंवा आरोग्य केंद्र असेल तर तिथल्या लेबर रूमचा आणि बाळंतिणींच्या संडासाचा नळ एकदा स्वतः उघडून पाहा, सिस्टरांना आणि परिचर ताईंना काय हवं ते विचारा, आणि त्यासाठी ग्रामपंचायतीच्या पाणी-स्वच्छतेच्या निधीतून दरवर्षी ठरावीक रक्कम देण्याचा ठराव ग्रामसभेत मांडा. मांडताना गावातल्या बायकांना पुढे बसवा. काय कमी आहे ते त्यांनाच नेमकं सांगता येईल.